दोन आवाजांमधली फट

टुंग.

एवढाच आवाज. काचेच्या पेल्यावर कुणी नखाने टिचकी मारावी, तसा.

बाळ नुकतंच झोपलं होतं. घरात सगळे श्वाससुद्धा बेताने घेत होते. आणि त्या शांततेत नानांच्या कानांवरच्या नव्या हेडफोनने कळवलं, की मी टीव्हीला जोडला गेलोय.

सगळं सुरू झालं ते इथून.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेली. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट ताईने जे सांगितलं, त्यातलं थोडं गाळलंच आहे. तिने मला हे पहिल्यांदा सांगितलं ते त्यांच्या इमारतीच्या जिन्यात उभं राहून, बाळाला कडेवर घेऊन. घरात नको म्हणाली.

तुम्हाला वाटेल रात्र असेल, लाइट गेले असतील. तसलं काही नव्हतं. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

ज्या भिंतीवर तो टीव्ही होता, तिथे आता नुसती चार भोकं आहेत. ताईने ती बुजवलेली नाहीत. वर काही टांगलेलंही नाही. त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

ताई घरीच शिवणकाम करते. नवे कपडे नाही शिवत. लोकांचे तयार कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, पॅन्टची उंची कमी करणं, चेन बदलणं. मशीन आतल्या खोलीत, खिडकीशी. मशीनच्या शेजारी बाळाचा पाळणा.

बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं. इवलंसं. कुशीत घेतलं तरी हातात काही आहे असं वाटू नये, इतकं हलकं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, औषधापेक्षा याला झोप आणि दूध हवं. झोपेल तेवढं भरेल. तेव्हापासून ताईचा सगळा जीव त्या पाळण्यात अडकलेला. बाळाची झोप मोडली, की तिला वाटायचं, आजचं अंगावर धरलेलं सगळं वाया गेलं.

गंमत म्हणजे मशीनच्या खडखडाटाने बाळ उठायचं नाही. पोटात असल्यापासून तेच ऐकलेलं ना. उलट त्याच्या झोपेत चालू मशीन मधेच थांबली, की डोळे उघडायचं आणि भोकाड पसरायचं.

त्याला उठवायचा तो टीव्ही.

टीव्ही नानांचा. नाना म्हणजे ताईचे सासरे. त्यांची उभी हयात छापखान्यात मोठ्या मशीनवर गेली, आणि कानही तिथेच गेले. उजवा ठार बंद. डाव्याने थोडंफार. दुपारची मालिका लागली, की टीव्हीचा आवाज इतका मोठा, की खालच्या काकूंना न बघता सगळी कथा पाठ. जिन्यात भेटल्या, की ताईला पुढच्या भागाचे अंदाज सांगायच्या.

सासूबाई होत्या तेव्हा असं नव्हतं.

सासूबाई नानांच्या डाव्या बाजूला बसायच्या, आणि टीव्हीतलं एकेक वाक्य त्यांच्या कानाशी सांगायच्या.

'म्हणतो, मी जातो.'

'म्हणते, जा.'

नायिका रडो, खलनायक गरजो, सासूबाईंचा सूर एकच. लांबून येणाऱ्या बसचा नंबर वाचून दाखवावा, तसा. वर कात्रीही लावायच्या. नायक चांदण्या-बिंदण्यांचं भरभरून बोलला, की त्या सांगायच्या, "म्हणतो, आवडतेस." नाना मान डोलवायचे. कळलं सगळं.

एकदा ताईने हसत विचारलं, आई, तो एवढंच कुठे म्हणाला? तर म्हणे, "ह्यांना तेवढं पुरे."

बाळ पोटात असतानाच त्या गेल्या. नातवाचं तोंड बघायचं राहूनच गेलं. शेवटी शेवटी तेच धरून बसल्या होत्या, एकदा हातात घेऊ द्या, मग कुठेही जाते.

त्यानंतर नाना मालिका बघताना डावीकडे वळून विचारायचे, "काय म्हणाली?" शेजारची जागा रिकामी. मग स्वतःशीच ओशाळायचे, आणि रिमोटने आवाज आणखी वाढवायचे.

आतून बाळाचं रडणं.

शेवटी भावोजींनी हेडफोन आणला. बिनवायरचा, कानभर बसणारा. तो टीव्हीला जोडला, तर टीव्हीचा आवाजच बंद. नाना खूश, बाळ झोपलेलं. पण चिमणी, ताईची पाच वर्षांची लेक, टीव्हीसमोर उभी राहून रडवेली. सगळी माणसं नुसतीच तोंडं हलवताहेत म्हणाली. आणि खरं सांगायचं, तर ताईलाही चुकल्यासारखं व्हायचं. मशीनवर बसल्या बसल्या मालिका कानावर पडायची, तेवढाच तिचा विरंगुळा.

भावोजी कामावर गेलेले. ताईनेच रिमोट घेऊन शोधाशोध केली. सेटिंगमधून आवाज, आवाजातून आणखी कसलं तरी पान. तिथे अगदी खाली एक ओळ सापडली. टीव्हीचे स्पीकर आणि ब्लूटूथ, दोन्ही.

तिने बटण दाबलं.

टुंग.

टीव्हीतून आवाज येत होता, बारीक. नानांच्या कानात तोच आवाज, मोठा. हेडफोनमधला किंचित मागून यायचा, पापणी लवायलाही पुरणार नाही एवढाच मागून. नानांना टीव्हीचा ऐकूच येत नव्हता, त्यामुळे त्यांना फरक नव्हता.

त्या दुपारी मालिका संपेपर्यंत बाळ झोपलं. ताई गरम चहा प्यायली. कित्येक महिन्यांनी गरम.

हेडफोन काढून ठेवताना नाना म्हणाले, "आज नीट सांगितलं हिने."

ताईला वाटलं, हेडफोनबद्दल बोलताहेत.

पण मग एकेक गोष्ट दिसायला लागली.

नानांनी "काय म्हणाली?" विचारणं सोडलं. ते ठीकच. पण कानभर हेडफोन लावलेला असूनही ते डावीकडे झुकून बसायला लागले. एखाद्याचं हळू बोलणं ऐकावं तसे. नंतर सोफ्याच्या उजव्या टोकाला सरकले. शेजारी जागा मोकळी ठेवून. चिमणी तिथे चढून बसली, तर तिला अलगद उचलून खाली ठेवलं.

"इथे नको, राणी."

का, ते नाही सांगितलं.

एका दुपारी नाना आंघोळीला गेले होते. टीव्ही चालूच. हेडफोन सोफ्यावर. त्याच्या कानाच्या गाद्या मळल्या होत्या, म्हणून पुसायला ताईने तो उचलला. पुसला. आणि सहज म्हणून कानांवर चढवला.

पडद्यावर नायिका दाराशी उभी होती. टीव्हीतून तिचा आवाज आला. भरून आलेला, थरथरता. आता या घराशी माझा काही संबंध नाही, असलं काहीतरी लांबलचक.

पापणी लवायच्या आत तेच शब्द हेडफोनमध्ये.

आणि त्या दोघांच्या मधे...

"म्हणते, नाही येणार."

सपाट. कोरडा. बसचा नंबर वाचावा, तसा.

ताईच्या हातातला पुसायचा कपडा खाली पडला.

तिने हेडफोन काढला नाही. तशीच उभी राहिली. नायिकेचा बाप बोलला. आधी टीव्हीतून, मागून हेडफोनमधून. आणि मधल्या फटीत, जिथे जेमतेम एक अक्षर मावावं, तिथे एक अख्खं वाक्य निवांत बसलेलं. 'म्हणतो, जाशील तर परत येऊ नको.'

ताईने टीव्हीचे स्पीकर बंद केले. नुसता हेडफोन. मधला आवाज गेला.

हेडफोन बंद केला. नुसता टीव्ही. नव्हताच.

दोन्ही चालू केले...

होता.

तिने हे भावोजींना सांगितलं. त्यांनी रविवारी हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. दोन आवाज एकमेकांवर आपटतात, त्याचा घुमारा असेल म्हणाले, आणि तिलाच उलट विचारलं, तू शेवटची सलग कधी झोपली होतीस? विषय तिथेच संपला.

ताईने सेटिंग बदललं नाही. मी विचारलं का नाही बदललंस, तर म्हणाली, अगं, आईच होत्या ना. माझी दोन बाळंतपणं... पहिलं त्यांनी काढलं, दुसऱ्याला त्या नव्हत्या. मी काय भिऊ त्यांना? आणि नाना किती दिवसांनी हसत होते. बाळ झोपत होतं. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

बरं चाललं होतं, हे खरं.

मग नाना बाहेरच्या खोलीतून हाका मारायला लागले.

"सूनबाई, बाळ उठलंय. भूक लागली म्हणतंय."

पहिल्यांदा ताई वैतागली. ती पाळण्याशेजारीच तर बसली होती, मशीन चालू होती, बाळ गप्प. खालच्या मजल्यावरच्या हाका ज्यांना ऐकू येत नाहीत, त्यांना हे कुठून ऐकू येणार? तरी तिने मान वळवून पाळण्यात बघितलं...

बाळाचे डोळे टक्क उघडे. ओठ चोखण्यासारखे हलत होते. आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'ओलं झालंय म्हणतं.' झालं होतं. 'पोटात दुखतंय म्हणतं.' तिने पालथं घेऊन पाठ चोळली, आणि ढेकर आला.

बाळ रडायचं थांबलं. रडायची गरजच उरली नाही. वजन भरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी ताईची पाठ थोपटली, आईचं लक्ष असलं की असं होतं म्हणाल्या.

टीव्हीतल्या माणसांचं सांगता सांगता सासूबाई घरातल्या बाळाचं सांगायला लागल्या होत्या. ज्याला बोलता येत नाही, त्याचं.

आणि एक दिवस नाना म्हणाले, "उचल म्हणतंय."

ताई पाळण्यावर वाकली. बाळाने दोन्ही हात वर केले होते. मुठी उघडत होत्या, मिटत होत्या.

पण तिच्याकडे नाही...

पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला. भिंतीकडे. तिथे कुणी उभं राहील एवढी जागाही नाही. बाळ तिकडे बघत होतं, आणि हसत होतं. ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं.

ताईने त्याला झडप घालून उचललं. त्या दिवशी मशीन पुन्हा चालू झाली नाही.

त्याच संध्याकाळी तिने सेटिंग बदललं. नुसता हेडफोन. मधली फट बंद.

नाना दुसऱ्या दुपारी हेडफोन लावून बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी वळून बघितलं. आधी डावीकडे. मग ताईकडे.

"हिला का गप्प केलं?"

एवढंच. रागावून नाही. आपल्या हातून काही चुकलं का, असं विचारावं, तसं.

त्यानंतर नाना मिटत गेले. मालिका लावायचे, पण बघायचे नाहीत. हेडफोनमधलं सगळं मोठ्याने ऐकू येत असूनही विचारायचे, "काय म्हणाली?" ताई मधे मधे जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसायची, सासूबाईंसारखं सांगायची, म्हणते अमुक, म्हणतो तमुक. पण तिला ते जमेना. ती फार सांगायची. नाना ऐकून घ्यायचे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, जा बाई, तुझी कामं पडलीत.

जेवण अर्ध्यावर आलं. ताटातलं नुसतं चिवडायचे.

ताईच्याने बघवेना. एका दुपारी तिने बाळाला पाळण्यातून उचलून, ओढणीने पोटाशी घट्ट बांधलं. म्हटलं, आता हा माझ्या अंगावर आहे, बघू कोण उचलतं. आणि रिमोट घेऊन ती खालची ओळ पुन्हा चालू केली.

टुंग.

नानांचा चेहरा असा उजळला, की ताई म्हणते, त्यासाठी ते टुंग मी शंभरदा ऐकलं असतं.

ते सरकले. डावीकडे जागा केली. बराच वेळ ऐकत राहिले. पडद्याकडे बघतच नव्हते.

मग म्हणाले, "थांब गं. हे तरी संपू दे."

ताई दारातच उभी होती. नानांनी तिला बघितलं आणि हसले. बाकीच्या बायका नवऱ्याला बसा म्हणतात, म्हणाले, आणि हिचं आपलं एकच चाललंय.

"काय म्हणताहेत आई?"

"चला म्हणते."

ताईने काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. तिने टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तर नानांनी तो हात धरला. छापखान्यातला तो रुंद पंजा, अजून ताकद होती त्यात. मान हलवून नको म्हणाले. मग सोडला.

ती पाणी आणायला आत गेली. मालिकेच्या शेवटची धून वाजत होती. ती संपली. मागून नानांचं बोलणं आलं, अगदी साधं, बायको तयार होऊन दारात उभी असावी आणि आपण चपला शोधाव्यात तसं.

"हं. चल."

ताई पेला घेऊन बाहेर आली तेव्हा नाना डावीकडे कलले होते. कुणाच्या खांद्यावर डोकं टेकावं, तसे. तिथे खांदा नव्हता, तरी ते पडले नव्हते.

तिने हात लावला, तेव्हा पडले.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले म्हणा, हृदय थकलं होतं. आलेगेले म्हणाले, असं मरण भाग्याचं. भावोजी रडले, सावरले. ताईही रडली. पण आत कुठेतरी एक गाठ सुटल्यासारखं वाटलं तिला. आई नानांसाठी आल्या होत्या. आपल्या माणसाला न्यायला. बाळासाठी नव्हत्या आल्या. तिने बाळाला पोटावरून सोडलं आणि पुन्हा पाळण्यात ठेवलं. मशीन सुरू झाली. उशीर झाल्याबद्दल गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. घर हळूहळू चालायला लागलं.

हेडफोन कुणी आवरून ठेवलाच नव्हता. सोफ्याच्या हातावर तसाच होता.

त्या दिवशीही दुपार. ताई एका जाड कोटाचं अस्तर लावत होती. बाळ शेजारी झोपलेलं. बाहेरच्या खोलीत चिमणीने टीव्ही लावला होता, कार्टूनचा बारीक आवाज येत होता.

टुंग.

मशीनच्या आवाजातही ताईला तो ऐकू आला. तिने पाय काढला. मशीन थांबली.

ती बाहेर आली. चिमणी सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली होती. पाय लोंबकळत. डोक्याला हेडफोन, तिच्या चेहऱ्याच्या मानाने केवढातरी मोठा. शेजारी जागा सोडलेली.

आणि मान... डावीकडे झुकलेली.

ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आवाज चढवला नाही. हेडफोनचा एक कान हळूच उचलून विचारलं, "काय ऐकतेस गं?"

"आजी."

"काय म्हणते आजी?"

"चला म्हणते."

ताईने श्वास सोडला. सासूबाई नानांना अहो-जाहो करायच्या. चला म्हणायच्या, ते नानांनाच. त्यांना अजून उमगलं नसेल, नाना तर केव्हाच त्यांच्याकडे आले. माणूस गेलं तरी सवय राहते. तिने चिमणीच्या केसांवरून हात फिरवला आणि तसं सांगितलं, की आजी नानांना म्हणत असेल.

"नाही," चिमणी म्हणाली. "नाना पण म्हणतात."

"काय म्हणतात?"

"चला."

नानांनी सासूबाईंना जन्मात कधी चला म्हटलं नव्हतं. चल म्हणायचे. शेवटचंही चलच म्हणाले होते. ताईने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तिने हेडफोन ओढून काढला. तो फेकला कुठे, ते तिला आजही आठवत नाही. टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. चिमणीला एका हाताने उचललं आणि आतल्या खोलीकडे धावली.

दारात थबकली.

मशीन थांबून केवढा वेळ झाला होता. एव्हाना बाळाने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं.

आतून रडणं नाही...

खुदखुदण्याचा आवाज येत होता. मधेच थांबून, कुणाचं तरी ऐकून घेऊन, पुन्हा खुदखुदण्याचा.

चिमणीने आईच्या मानेभोवती हात टाकले. थोडा विचार केला. आणि कानात, अगदी हळू, विचारलं,

"आई, आजी मला तर चल म्हणायची ना? मग चला म्हणजे... मी आणि कोण?"